झाकलेल्या नावांचे रविवार

गाण्याला गुण देता येतात, याविषयी आमच्या मंडळात कोणालाही शंका नव्हती. आम्ही सारे शाळामास्तर होतो. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणारा माणूस घरी आमटीची वाटी तोंडाला लावतानाही मनात दहापैकी साडेसहा असे काहीतरी मांडून ठेवतो. मग आवडीच्या गाण्याला तो कसा सोडील? नगरमधल्या आमच्या श्रवणमंडळाने संगीताची परीक्षा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटले नाही. आमच्या घरच्यांना वाटले. पण ते मंडळाचे सभासद नव्हते.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. दर रविवारी सकाळी दिल्ली दरवाजाजवळच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात आम्ही जमत असू. मंडळ पाच जणांचे. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे हेडसर म्हणत. रेकॉर्ड प्लेयर त्यांचा. तो ते भिंगारहून टांग्यात मांडीवर घेऊन येत, आणि टांगेवाल्याला वाटेत प्रत्येक खड्डा आधी सांगत. मुलींच्या शाळेत गायन शिकवणाऱ्या एक बाई होत्या. स्वराने पक्क्या आणि जिभेने तिखट. उर्दू शाळेतले एक मास्तर व्हायोलिन वाजवीत. त्यांना आम्ही थोड्या थट्टेने आणि बऱ्याच आदराने उस्ताद म्हणत असू. एका मिशन शाळेत भूगोल शिकवणारे एक तरुण सर होते. पाचवा मी, गणिताचा शिक्षक, बेलापूरहून नोकरीसाठी नगरला आलेला. संगीतातले मला बेताचेच कळे, पण माझी बेरीज चुकत नसे, आणि मंडळाला बेरजेची गरज होती.

आमची पद्धत हेडसरांनी घालून दिलेली होती. मुलांच्या पुस्तकांना घालतात तो तपकिरी कागद ते रेकॉर्डच्या लेबलाच्या आकाराचा गोल कापीत, मधोमध भोक पाडीत आणि लेबलावर बसवीत. गाणारा कोण, वाजवणारा कोण, रचना कोणाची, हे रेकॉर्ड आणणाऱ्याखेरीज कोणालाही कळत नसे. रेकॉर्ड दोनदा ऐकायची. पहिल्या ऐकण्यात बाई फळ्यावर मुख्य सुरावट सरगमात लिहून काढीत, म्हणजे दुसऱ्या वेळी आम्हा अडाण्यांना बोट ठेवून वाचता येई. मग आरंभ, बांधणी, विस्तार आणि शेवट या चार सदरांत मिळून प्रत्येकाने शंभरपैकी गुण द्यायचे. मी सरासरी काढायची. त्यानंतरच कागद निघे.

"उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, नाव नसतं," हेडसर सांगत. "नाव दिसलं की परीक्षकाचा हात एक तर सैल पडतो, नाही तर आखडतो."

या पद्धतीने एकदा आमच्या सर्वांच्या लाडक्या गवयाला आम्ही काठावर पास केले होते. कागद निघाल्यावर बाईंनी दोन्ही कान पकडले, आणि तरीही हेडसरांनी एक गुण वाढवू दिला नाही.

आता भूगोलाच्या सरांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यांच्यामुळे घडले. ते पाथर्डीकडच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील लग्नकार्यात सनई वाजवीत. मांडव घातलेला असे तो आतल्यांसाठी. वाजवणाऱ्यांनी बाहेर बसायचे. ही गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती आणि ती कोणी बोलत नसे. लहानपणीच सर मिशनच्या वसतिगृहात आले. तेथे एका अमेरिकन बाईंनी त्यांना क्लॅरिओनेट शिकवले, पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली, आणि अनेक वाद्ये एकाच वेळी वेगवेगळे काही बोलत असूनही भांडत नाहीत, हे कसे साधायचे तेही शिकवले.

मंडळात आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःची एक रचना आम्हाला ऐकवली होती. क्लॅरिओनेट, व्हायोलिन आणि हार्मोनियम अशा तीन वाद्यांसाठी ती होती. क्लॅरिओनेट त्यांनी स्वतः वाजवले, व्हायोलिन उस्तादांनी, हार्मोनियम बाईंनी. संपल्यावर आम्ही भरपूर टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा! तुम्ही ज्या परिस्थितीतून आलात, त्या मानानं फारच सुंदर."

सरांनी विचारले, "गुण?"

"अहो, आपल्याच माणसाला कसले गुण?" हेडसर प्रेमाने म्हणाले, आणि सर्वांसाठी चहा मागवला.

सर हसले. चहा प्यायले. त्यानंतर त्यांनी त्या रचनेचे नाव काढले नाही, आणि दुसरीही काही आणली नाही.

मग दुष्काळाचे वर्ष आले. शाळांची स्नेहसंमेलने रद्द झाली. एरवी डिसेंबरात आमचे रविवार नाटकांच्या तालमींत जात. या वर्षी ते मोकळे राहिले. त्याच सुमारास त्या अमेरिकन बाई निवृत्त होऊन मायदेशी निघाल्या. सामान आवरताना त्यांनी रेकॉर्डचा एक खोका सरांना दिला. पुढच्या रविवारी सर तो खोका सायकलच्या मागे सुतळीने बांधून घेऊन आले.

हेडसर तपकिरी कागद आणि कात्री काढू लागले, तेव्हा सर म्हणाले, "या रेकॉर्डना कागद नको. आधी सांगतो, मग ऐका."

"नियम आहे," हेडसर म्हणाले.

"ठाऊक आहे सर. पण या लोकांची नावं दीडदोनशे वर्षं झाकलेलीच होती. आता आपण आणखी कागद कशाला लावायचा?"

हेडसरांनी कात्री खाली ठेवली.

खोक्यात होते ते सारे कृष्णवर्णीय रचनाकारांचे संगीत होते. तेव्हाच्या छापील माहितीत त्यांच्यासाठी जो शब्द वापरला होता तो आज आपण वापरत नाही. माहिती इंग्रजीत होती. सर ती वाचून मराठीत सांगत गेले. एकाचा जन्म गुलाम आईच्या पोटी झालेला. एका स्त्रीने चर्चमध्ये ऑर्गन वाजवून संसार चालवला आणि रात्री वाद्यवृंदासाठी लिहिले, ते तिच्या हयातीत कोणी वाजवले नाही. एकाच्या रचना दुसऱ्याच्या नावावर खपल्या. कित्येक हस्तलिखिते माळ्यांवर नि तळघरांत पडून होती. आपल्याकडे ज्याला शास्त्रीय संगीत म्हणतात त्याच तोलाचे, पण युरोपच्या पद्धतीचे ते संगीत होते. ते लिहायला वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते, आणि तेच शिक्षण या माणसांना बहुतेक ठिकाणी नाकारले गेले होते.

सर चांगले सांगत. बाईंनी मध्येच पदर डोळ्यांना लावला. उस्ताद म्हणाले, "या अल्ला, किती सोसलं माणसांनी!"

मग आम्ही ऐकले आणि गुण दिले. बेरीज करताना माझी पेन्सिल थबकली. सरासरी नव्वदीच्या पुढे गेली होती. इतके गुण आमच्या मंडळाने कधी कोणालाच दिलेले नव्हते. दुसऱ्या रचनेलाही तेवढेच. तिसरीलाही. तिन्ही रचना एकमेकींहून अगदी वेगळ्या होत्या, पण गुणांत एकाचाही फरक शोधावा लागत होता.

मी आकडे वाचून दाखवले. हेडसर समाधानाने म्हणाले, "न्याय झाला."

सरांनी माझ्या हातून कागद घेतला, खालीवर पाहिला आणि बाकावर ठेवला.

"ह्यो न्याय न्हाई," ते म्हणाले. वर्गात त्यांचे मराठी पुस्तकी असे. रागात मात्र पाथर्डी वर येई. "ही खैरात हाय. तुमी गाणं ऐकलंच न्हाई. तुमी मी सांगितलेली गोष्ट ऐकली, तिला मार्क दिले."

"अहो सर," बाई म्हणाल्या, "कमी दिले तरी राग, जास्त दिले तरी राग! आम्ही करायचं तरी काय?"

"बरोबर द्यायचे, बाई."

"म्हणजे यातली एखादी वाईट आहे म्हणता?"

"मला काय ठावं? मी कुटं म्हनतो वाईट हाय? मी म्हनतो, तुमालाबी ठावं न्हाई." मग ते थोडे शांत झाले, शब्द जुळवून बोलू लागले. "सर, आपण काठावरच्या मुलाला ग्रेस मार्क देऊन पास करतो. मुलगा पास होतो. पण त्या गुणपत्रिकेवर खूण असते. ती खूण घेऊन तो कुठंही गेला तरी लोक आधी खूण बघतात. दीडशे वर्षं यांना कोणी ऐकलं नाही. आता ऐकलं, तर असं."

हेडसरांचा चेहरा उतरला. ते कठोर गृहस्थ नव्हते. आपण दिलदारपणा केला अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते कात्रीशी चाळा करीत बसले. मग त्यांनी एक रीतसर प्रश्न विचारला.

"तुम्ही फेरतपासणी मागता आहात का?"

"होय."

"सर्व रेकॉर्डची?"

"सर्व."

"मान्य," हेडसर म्हणाले, आणि तपकिरी कागद पुढे ओढला.

फेरतपासणीसाठी त्यांनी खोक्यातल्या रेकॉर्डबरोबर आपल्या संग्रहातल्या नामवंत युरोपीय रचनाकारांच्या रेकॉर्ड मिसळल्या. तो खोका ते स्वतः भिंगारला घेऊन गेले आणि कोणती रेकॉर्ड कधी लावायची हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. स्वतःलाही कळू नये म्हणून पाकिटे त्यांच्या सूनबाई बदलून देत. लेबलांवर कागदही त्यांच्याच हातून लागत. ओळख पटू नये म्हणून आधी ऐकलेल्या तिन्ही रेकॉर्डची आता दुसरी बाजू लावायची ठरली.

"हेडसर, एवढा बंदोबस्त तर बोर्डाच्या परीक्षेलाही नसतो," उस्ताद म्हणाले.

"म्हणून तर तिथे पेपर फुटतात."

"तुमचा खोका शिंगणापूरला नेऊन ठेवा," बाई म्हणाल्या. "तिथं दारंच नसतात, तुम्हाला कुलूप लावायला काही मिळायचंच नाही!"

अशा रीतीने रविवार सुरू झाले. आता गुण पुन्हा आमच्या नेहमीच्या पातळीला आले: कोणाला साठ, कोणाला पंचाहत्तर. एका रविवारी चार तंतुवाद्यांसाठीची एक रचना लागली. दोन व्हायोलिने, त्याहून किंचित मोठा आणि दबक्या आवाजाचा व्हायोला, आणि सर्वांत खालचा, बैठकीच्या गवयासारखा चेलो. बाईंनी नेहमीप्रमाणे खडू उचलला. वरचे व्हायोलिन ऐकून त्या लिहू लागल्या. पण लिहिण्यासारखे फारसे काही आलेच नाही. एक लांबलचक स्वर, मग थांबणे, मग तोच स्वर, मग वर-खाली नुसती थरथर. फळ्यावर स्वर लांबल्याची खूण करणाऱ्या अवग्रहांच्या रांगा लागल्या.

"यात गाणंच नाही," बाईंनी निकाल दिला. "शेजारी भिंतीला खिळा ठोकतो आहे असं वाटतं."

आम्ही सर्वांनी तीसच्या आसपास गुण दिले. कागद काढला. रचना खोक्यातली होती. अनेक वर्षे एका पेटाऱ्यात पडून राहिलेली.

"घ्या," बाई सरांकडे वळून म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता. "आता तर खैरात नाही ना केली?"

निकाल प्रामाणिक होता, सरांनीच मागितलेला होता, आणि तरीही त्यांच्या मनाला तो लागला आहे हे उघड दिसत होते.

उस्ताद मात्र मघापासून हनुवटी डावीकडे खाली दाबून बसले होते, खांद्यावर व्हायोलिन असल्यासारखे. "बाई, जरा सबूर," ते म्हणाले. "मला एक शक येतोय. ती पुन्हा लावा. वरच्या व्हायोलिनकडे लक्ष देऊ नका. ते फक्त दार धरून उभं आहे. बोलणारा माणूस आत आहे."

रेकॉर्ड पुन्हा लावली. उस्ताद डोळे मिटून, वाद्यांच्या दाटीतून एक सूर निवडून, बारीक आवाजात त्याच्याबरोबर गुणगुणू लागले. तो व्हायोलाचा सूर होता. हळूहळू तो आम्हालाही दिसू लागला. दिसू लागला असेच म्हणतो, कारण अंधाऱ्या खोलीत डोळे सरावावेत तसे ते झाले. एक लांब, विचार करीत चाललेली सुरावट होती. ती दोनदा बोलायला सुरुवात करून थांबत होती, तिसऱ्यांदा पूर्ण बोलत होती, आणि वरचे ते एकसुरी व्हायोलिन तिच्यावर सावली धरल्यासारखे तरंगत होते.

बाई खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग त्यांनी सारा फळा पुसला आणि ती सुरावट लिहून काढली. फळा भरून गेला.

ही चूक कशी झाली, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या संगीतात गाणारा एक असतो आणि बाकीचे त्याच्या साथीला. त्याचा सूर सर्वांत ठळक असतो. तो धरला की गाणे हाती लागते. आमचे कान या शिस्तीत वाढलेले. सर्वांत वरचा आवाज तोच मालक, असे आम्ही धरून चाललो होतो. चार जणांच्या बोलण्यात मुख्य गोष्ट तिसरा, मागे बसलेला माणूस सांगत असेल, ही शक्यता आमच्या सरगमात मांडताच येत नव्हती. नव्वद गुण देताना आम्ही ऐकले नव्हते, आणि तीस देतानाही नाही.

प्रश्न नियमाचा आला. एकदा जाहीर झालेले गुण बदलत नाहीत. हेडसरांनी चष्मा काढून पुसला.

"उमेदवारानं चूक केली तर गुण बदलायचे नाहीत," ते म्हणाले. "परीक्षकानं उत्तरपत्रिकेचं आतलं पान उघडलंच नसेल, तर तो निकाल नव्हेच. आजपासून प्रत्येक रचना जितकी वाद्यं तितक्यांदा ऐकायची. प्रत्येक वेळी एकेकाकडे लक्ष."

"तीस वाद्यं असली तर?" बाईंनी विचारले.

"तर डबे घेऊन या."

उन्हाळा लागेपर्यंत आम्ही तसे ऐकत होतो. शहरात पाण्याला रांगा होत्या. सरांचे थोरले भाऊ गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आणि आम्ही पाच माणसे, घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या बाकावर ठेवून, दूरच्या खंडातल्या मेलेल्या माणसांचे चेलो निवडून ऐकत होतो. याचा उपयोग काय, असे मला तेव्हा कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. एवढेच म्हणेन की त्या महिन्यांत वर्गातही मी मुलांची उत्तरे अधिक सावकाश वाचू लागलो.

निकाल शेवटी असे लागले. व्हायोलाच्या त्या रचनेला फेरतपासणीच्या सर्व रविवारांतले सर्वाधिक गुण मिळाले, नामवंतांच्याही वर. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या रचनेचा आरंभ आम्हाला अप्रतिम वाटला, विस्तार पसरट. तिला पहिला वर्ग मिळाला, विशेष योग्यता नाही. एका रचनेविषयी मात्र आमच्या पाचही जणांचे एकमत झाले की ती साधारण आहे: नेटकी, सभ्य, दुसऱ्यांकडून शिकलेले नीट म्हणून दाखवणारी. ती ज्याची निघाली त्याचीच कहाणी ऐकून बाईंनी डोळे पुसले होते.

"वाईट वाटलं का?" मी सरांना विचारले.

"न्हाई." ते मनापासून हसले. "त्या दुसऱ्या, नामवंतांच्या ढिगात किती साधारण निघाले, तुम्हीच बेरीज केली ना? ते साधारण असून दुकानात मिळतात. मग यानं तरी दर वेळी उत्तमच का असावं?"

त्यानंतरच्या रविवारी ते क्लॅरिओनेट घेऊन आले. पेटी बाकावर ठेवून हेडसरांसमोर उभे राहिले, अगदी तोंडी परीक्षेला उभे राहावे तसे.

"सर, एक फेरतपासणी राहिली आहे."

आम्हा सर्वांना कळले. बाई नजर चुकवून हार्मोनियमचा भाता पुसू लागल्या. हेडसर म्हणाले, "पण तुमची रचना झाकायची कशी? आम्ही तुम्हाला ओळखतो."

"सरांच्या तोंडाला तपकिरी कागद लावू या का?" बाई म्हणाल्या. कोणी हसले नाही. मग सरच हसले, आणि सगळ्यांना हसता आले.

"झाकायचं नाही," ते म्हणाले. "मी समोर उभा आहे. माझा बाप कोण तेही तुम्हाला ठाऊक आहे. हे सगळं ठाऊक असून तपासा. जमतं का बघू."

हेडसरांचा हात सवयीने तपकिरी कागदाकडे गेला. त्या वृद्ध माणसाला आपल्या कागदावर किती भिस्त होती, आणि तो काढून घेतला तर आपला हात स्थिर राहील की नाही याची किती धास्ती होती, ते मला त्या क्षणी दिसले. नव्वद देऊन त्यांनी या माणसाला एकदा दुखावले होते. आता कमी द्यावेत तर तेही दुखावणे ठरेल की काय? शेवटी ते म्हणाले, "वाजवा. तीन वाद्यं आहेत, तीनदा."

रचनेचा आरंभ सनईच्या हाकेसारखा होता. वरात वेशीवर आल्याचे सांगणारी हाक. मग व्हायोलिन तिच्यामागून चालू लागे, हार्मोनियम खालून आधार देई, गती वाढत जाई, आणि सारे ऐन भरात असताना तिन्ही वाद्ये एकदम षड्जावर येऊन थांबत. तीनदा ऐकले. हेडसरांनी लाल पेन्सिलीने लिहिले, आमच्याकडे न पाहता. माझ्या बेरजेत सरासरी छप्पन आली.

सरांनी हेडसरांचा कागद मागून घेतला आणि उभ्यानेच वाचला.

"'व्हायोलिन क्लॅरिओनेटच्या मागे सावलीसारखे फिरते, त्याला स्वतःचे काम नाही.'" त्यांनी मान हलवली. "खरं आहे. उस्ताद तेव्हाही कंटाळले होते."

"मी? छे!" उस्ताद म्हणाले. "थोडासा."

"'शेवट घाईचा. टाळ्यांसाठी केलेला वाटतो.'" येथे ते थांबले. "हे मला मान्य नाही."

आमच्या मंडळात गुणांवर वाद घालायची पद्धत नव्हती. हेडसरांनी चष्म्यावरून पाहिले. "कारण?"

"माझा बाप असाच थांबायचा. आत पंगत बसली, की मांडवातून कोणीतरी नुसता हात करायचा. बंद! मग तान असो, काय असो, तिथंच थांबायचं. पुरं करायची सोय न्हवती. ती थांबणूक मी आणली आहे. टाळ्यांसाठी न्हाई."

मला वाटले, आता हेडसर गहिवरतील, पेन्सिल उचलतील आणि आकडा बदलतील. त्यांचे डोळे भरूनही आले होते. पण ते म्हणाले, "हे तुम्ही मला आत्ता शब्दांत सांगितलंत. स्वरांत सांगितलं नाहीत. स्वरांत तुम्ही षड्जावर आलात. षड्जावर येणारा माणूस घरी पोचलेला असतो. तुमच्या वडिलांना घरी पोचू दिलं नव्हतं ना?"

सरांनी क्लॅरिओनेटच्या तोंडाची जिव्हाळी, ती वेताची पातळ पट्टी, जिभेने ओली केली.

"बाई, शेवटचं आवर्तन धरा. उस्ताद, तुम्ही माझ्या मागं येऊ नका. तुम्ही पुढं जात राहा. मी थांबलो तरी."

"आणि मी?" बाईंनी विचारले.

"तुमी पंगत वाढा."

ते वाजवू लागले. भर तानेत, धैवतावर, एक स्वर अर्धा असताना त्यांनी वाद्य ओठांवरून काढले. उस्ताद सांगितल्याप्रमाणे दोन पावले पुढे गेले आणि एकटे पडून थांबले. खाली हार्मोनियम शांतपणे, काही घडलेच नाही अशा चालीने, आपले आवर्तन पुरे करीत राहिली.

"नाही," हेडसर म्हणाले. "हार्मोनियम जरा जास्तच वाढते आहे. एवढी पंगत नको."

"जास्त न्हाई, बरोबर हाय," सर म्हणाले. "तेवढीच वाढायचे."

"मग व्हायोलिन आणखी आधी थांबवा."

"ते का म्हणून?"

"कारण साथीदाराला लवकर कळतं. विचारा उस्तादांना."

पुन्हा वाजवले. पुन्हा वाद झाला. टांगेवाला खालून दोनदा हाक मारून गेला. हेडसरांनी त्याला खिडकीतून हाताने थांबवले, आणि आपण काय केले हे लक्षात येताच तो हात घाईने मागे घेतला. सरांनी ते पाहिले. दोघेही एकमेकांकडे बघून हसले.

शेवटी बाईंनी विचारले, "हेडसर, मग आता गुण किती?"

"छप्पन," हेडसर म्हणाले. "जो पेपर दिला त्याचे ते. नवा शेवट लिहून आणा, पुढच्या रविवारी परत बसा परीक्षेला."

"बसतो की," भूगोलाचे सर क्लॅरिओनेट पुसत म्हणाले. "पर धैवत मी सोडनार न्हाई."

"तो तुम्ही सोडू नका," हेडसर म्हणाले. "व्हायोलिनचं बोला."